केळव्याची एक दिवसाची सहल, लोकलने, १५ जण: सामान काय घ्यावं, कसं भरावं?

परळनाका

जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या बिल्डिंगमधले १५ जण केळव्याच्या समुद्रकिनारी जाणार आहेत. दहा धडधाकट मोठी माणसं, सत्तरी ओलांडलेले दोघं आणि तीन पोरं, त्यातलं धाकटं चार वर्षांचं. पहाटे सहाला निघून दादरहून विरार, तिथे गाडी बदलून डहाणू लोकल, केळवे रोडला उतरून रिक्षा. जेवण दुपारी एकच्या सुमारास सुरूच्या बनात, परत संध्याकाळी.

सामानासाठी साधारण चार हजार जमलेत. आतापर्यंतची यादी: २५ लिटरचा आइस बॉक्स, चहा करायला आणि जेवण गरम करायला छोटा गॅस, चार फोल्डिंग खुर्च्या, दोन सतरंज्या, वेताची झाकणवाली करंडी, मोठा कॅसरोल भरून पुलाव, दही, पाण्याचा २० लिटरचा जार, कागदी प्लेट आणि ग्लास.

यातलं काय ठेवू, काय काढू? बर्फ किती, पाणी किती, हे आकड्यात सांगा. "थोडं जास्तच घ्या" असं नको, कारण ते जास्तीचं कोणाच्या तरी खांद्यावरच येणार आहे.

सामानसुमान

तुमची यादी गाडीच्या डिकीसाठी चांगली आहे. लोकलसाठी नाही. रेल्वेने जाताना एकच नियम: वस्तू खांद्यावर अडकवता येत असेल तर घ्या, दोघांनी दोन बाजूंनी धरायला लागत असेल तर काढून टाका. विरारचा पूल चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, एक कठड्याला आणि एक पोराला.

त्या हिशोबाने:

गॅस पहिला काढा. पेटणारा गॅस, रॉकेल, पेट्रोल डब्यात नेणं हा रेल्वे अधिनियम १९८९ प्रमाणे गुन्हा आहे. कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. सिलिंडर छोटा आहे म्हणून सूट मिळत नाही. शिवाय सुरूच्या बनात खाली सुक्या काड्यांचा थर असतो, तिथे ज्योत पेटवणं म्हणजे आग लावण्याचीच तयारी.

आइस बॉक्स काढा. २५ लिटरचा कडक बॉक्स रिकामा तीन-चार किलोचा. भरला की १८-२० किलो होतो आणि तो डब्याच्या दारात अडतो. त्याऐवजी १० ते १२ लिटरच्या दोन मऊ इन्सुलेटेड बॅगा घ्या, खांद्याचा पट्टा असलेल्या. विकत घेताना तीन गोष्टी तपासा. भिंत दाबून बघा, आत फोम निदान बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा जाड लागला पाहिजे. नुसता चंदेरी कागद शिवलेला असेल तर ती डब्याची पिशवीच आहे. आतलं अस्तर जोडाला चिकटवलेलं हवं, शिवलेलं नको, कारण शिवणीच्या भोकांतून वितळलेलं पाणी गळतं. आणि चेन तिन्ही बाजूंनी फिरणारी हवी, नाहीतर डबे तिरके करून घालावे लागतात.

करंडी फोटोत छान दिसते. रिकामीच दोन किलो, कोपरे वाया जातात, शेजारच्या प्रवाशाच्या पोटऱ्यांना टोचते. नको.

सतरंजीऐवजी ताडपत्री आणि प्लास्टिकच्या विणलेल्या चटया. सुती सतरंजी ओल धरते, वाळू धरते आणि परत येताना दीडपट जड होते. ९ बाय १२ फुटांची हलकी ताडपत्री साधारण एक-सव्वा किलो भरते. तिच्यावर ६ बाय ४ च्या तीन चटया. एका चटईवर मध्ये डबे ठेवून चार ते पाच माणसं मांडी घालून बसतात, सहा बसली की कोणाचा तरी गुडघा भाजीत. ताडपत्री घालण्याआधी जागा झाडून घ्या (हात-झाडू पाव किलोचाही नसतो), कारण सुरूची फळं छोटी पण काटेरी असतात, चटईतून टोचतात. सावलीसाठी माडाखाली बसू नका. नारळच नाही, झावळीही पडते.

वाऱ्याचं: दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, ताडपत्री त्याच बाजूने उचलली जाते. वाळूत खुंट्या धरत नाहीत. चार रिकाम्या कापडी पिशव्या न्या, तिथे वाळूने भरा, ताडपत्रीच्या कोपऱ्यातल्या कड्यांना सुतळीने बांधा आणि वीतभर खोल पुरा. ओढ लागली तरी निघत नाहीत. निघताना वाळू ओतली की पिशव्या खिशात.

आता वजन. सामायिक सामान: जेवणखाण १२-१३ किलो, गोठवलेल्या बाटल्या ४, ताडपत्री आणि चटया ३, ताटल्या, डाव, सुरी वगैरे २, थर्मास भरलेले ३, बाकी किरकोळ १. म्हणजे २५-२६ किलो. ते दहा मोठ्यांत वाटलं की माणशी अडीच-पावणेतीन किलो. त्यात स्वतःची लिटरभराची बाटली, टॉवेल, एक जोड कपडे धरले तरी पाच किलोच्या आसपास. पाठीवरच्या सॅकमध्ये हे जाणवतही नाही. पोरांचं आणि आजी-आजोबांचं पाणी मात्र कोणाच्या सॅकमध्ये, ते नावानिशी ठरवा.

पाणी: माणशी दीड लिटर पिण्यासाठी, म्हणजे साडेबावीस. २० लिटरचा जार मुंबईहून नेऊ नका, तो केळव्यात घ्या. इथून न्यायचं ते प्रत्येकी एक लिटर आणि गोठवलेल्या चार बाटल्या, मिळून १९. उरलेलं तिथे. हात धुण्यासाठी नळ बसवलेला पाच लिटरचा कॅन रिकामा न्या आणि तिथे भरा. बारीक धार सोडली तर एका वेळी एका माणसाला १०० मिलिलिटर पुरतं. १५ जणांनी तीनदा हात धुतले की साडेचार लिटर. तांब्याने धुतलेत तर याच्या तिप्पट.

फोडणी

वरच्या सगळ्याला हो. मी फक्त खाण्याबद्दल सांगते, कारण पुलाव आणि दही वाचून काळजी वाटली.

पहाटे पाचला शिजवलेलं दुपारी एकला खायचं, म्हणजे आठ तास. अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की जंतू वाढतात, आणि शिजवलेलं ओलसर अन्न त्या पट्ट्यात दोन तासांच्या वर ठेवू नये असा सर्वसाधारण नियम आहे. हवा ३२ अंशांच्या वर गेली तर एकच तास. साधा कॅसरोल चांगला असला तरी तीन-चार तासांच्या पुढे ६० अंश धरत नाही, अर्धवट भरलेला तर त्याहून कमी. भातात आणखी एक भानगड आहे. त्यातल्या बॅसिलस सिरियस जंतूचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून पुलाव रद्द. भात हवाच असेल तर केळव्यात घरगुती जेवण देणारे आहेत, आदल्या दिवशी फोन करून १५ जणांचा वरण-भात सांगून ठेवा.

नेण्यासारखं जेवण:

तिखटमिठाच्या पुऱ्या, माणशी सहा-सात, म्हणजे १००. कणीक दीड ते पावणेदोन किलो. पीठ दुधात किंवा दह्यात नाही, पाण्यात आणि चार चमचे मोहनात भिजवायचं. तळल्यावर चाळणीत उभ्या ठेवा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, खाली-वर सुती फडकं. गरम भरल्या की वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन परत पुऱ्यांवर गळते, आणि दुपारी हातात चिवट कातडं येतं.

बटाट्याची सुकी भाजी, दोन किलो बटाटे. कांदा नको, टोमॅटो नको, ओलं खोबरं तर मुळीच नको. भाजी आंबायला सुरुवात बऱ्याचदा खोबऱ्यापासून होते. फोडणीत मोहरी, हिंग, हळद, मिरची, कढीपत्ता, आणि उकडलेल्या फोडी कढईत पाच मिनिटं कोरड्या परता. मग परातीत पसरून पंख्याखाली अर्धा तास. कोथिंबीर आणि लिंबू वेगळे न्या, तिथे घाला. पण लक्षात घ्या, कोरडी असली तरी ही भाजी शिजवलेलंच अन्न आहे. ती थंड बॅगेतच जाईल. पुऱ्या बाहेर चालतात.

चटणी शेंगदाण्याची किंवा लसणाची, कोरडी. दह्याऐवजी लिंबाचं गोड लोणचं. काकडी-गाजर अख्खी न्या आणि तिथे चिरा, चिरून नेलेल्या काकडीला दोन तासांत पाणी सुटतं. नाश्त्याला दडपे पोहे नकोत (पुन्हा खोबरं), मेथीचे ठेपले माणशी दोन आणि एक केळं. केळी सगळ्यात वर ठेवा आणि गाडीतच संपवा. दुपारच्या खाण्याला चिवडा, शंकरपाळे, चिकू-संत्री.

बर्फ: सुटा बर्फ नको, वितळून सगळं ओलं करतो. लिटरच्या चार बाटल्या गोठवा, दोन प्रत्येक बॅगेत. बाटली नऊ दशांशच भरा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, काठोकाठ भरलेली बाटली तडकते. घरच्या फ्रीजरला चार बाटल्या एकदम दिल्या तर एका रात्रीत गाभ्यापर्यंत गोठत नाहीत. चार घरांत एकेक द्या, शुक्रवारी रात्रीच.

आता आकडा मागितलात म्हणून: एक किलो बर्फ पूर्ण वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढ्यात तीन किलो पाणी ३० अंशांवरून ४ वर येतं. आणि तिथे तुमचा बर्फ संपतो. म्हणून बॅगेत जाणारी प्रत्येक वस्तू आधीच फ्रीजमध्ये गार झालेली हवी. भाजी शनिवारी रात्री करून, गार करून, उथळ डब्यांत फ्रीजमध्ये ठेवणं हे पहाटे पाचला करण्यापेक्षा चांगलं. खोल डब्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. पहाटे फक्त पुऱ्या.

दोन बॅगांची कामं वेगळी ठेवा. एकीत जेवण, जेवणाआधी ती उघडायची नाही. दुसरीत ताक आणि पोरांची पेयं, तिची चेन दर दहा मिनिटांनी उघडणारच. गार हवा खाली बसते, त्यामुळे एक बाटली तळाला, एक डब्यांच्या वर. रिकाम्या जागेत नॅपकिन कोंबा. वितळलेलं पाणी संध्याकाळी प्यायला होतं, म्हणून बाटल्या पिण्याच्या पाण्यानेच भरा.

पत्रावळ

ताटल्यांबद्दल. थर्माकोल आणि एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, चमचे, ग्लास यांवर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर. दुकानात "कागदी" म्हणून जे मिळतं त्याला बऱ्याचदा आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. कोपरा फाडून बघा, पापुद्रा वेगळा सुटला तर परत ठेवा. पत्रावळीचंही तेच, यंत्रावर दाबलेल्या काही पत्रावळ्यांना वरून चकचकीत प्लास्टिक लावलेलं असतं.

सुपारीच्या पोयीच्या (झावळीच्या देठाकडचा रुंद भाग) १० इंची ताटल्या घ्या, १५ जणांना २०. पोय जाड असते, मांडीवर धरली तरी वाकत नाही, वाऱ्याने सहज उडत नाही. पळसाच्या टाचलेल्या पत्रावळी स्वस्त आणि हलक्या, पण वाढण्याआधी वाऱ्यावर पळतात आणि रस्सा असेल तर टाक्यांतून गळतो. कोरड्या भाजीला चालतील. ग्लास विकत घेऊ नका, प्रत्येकाची बाटली आहेच. ताकासाठी घरचे स्टीलचे ग्लास एकात एक बसवून.

यादीत राहिलेलं: सुरी (पात्याला पुठ्ठ्याची म्यान करून रबर लावा), पातळ पाट किंवा कटिंग बोर्ड, दोन डाव, पुऱ्यांना चिमटा, मीठ, कागदी साबण, जुन्या सुती साडीचे सहा तुकडे. टिश्यूचा डबा नको, वाऱ्यावर अर्धा उडतो आणि तो वेचायला पोरं लावावी लागतात.

कचऱ्याला तीन पिशव्या: ओला, सुका, आणि डायपर-पॅडसाठी वेगळी, घट्ट तोंडाची. उष्टी पान-ताटली "कुजतेच की" म्हणून बनात टाकू नका. कुजायला महिने लागतात, कुत्री फाडायला पाच मिनिटं. ओली पिशवी रिकाम्या झालेल्या थंड बॅगेतून परत आणली की गाडीत वास येत नाही, फक्त आधी दुहेरी गाठ मारा.

सामानसुमान

@पत्रावळ, इथे थोडा मतभेद. कचरा परतच आणायचा असेल तर स्टीलच्या ताटल्या का नकोत? १५ ताटल्या तीन किलो, दहा जणांत माणशी ३०० ग्रॅम. जेवल्यावर साडीच्या तुकड्याने पुसायच्या, एका पिशवीत बांधायच्या, घरी धुवायच्या. विकत काही घ्यावं लागत नाही.

पत्रावळ

पुसायला जेवढं फडकं लागतं त्याचा हिशोब करा, तेलकट पुरीची पंधरा ताटं आहेत. आणि विरारला ती पिशवी खणखणत जाते. पण हो, कोरडं जेवण असेल तर चालेल. रस्सा असेल तर मी सुपारीवरच.

ओहोटी

सामान ठीक आहे, पण ते ठेवणार कुठे? तारीख कळवा, किंवा तिथी बघा. कोकणपट्टीत तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनला भरती. अष्टमीला सहा, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि ती उधाणाची. मुंबईत तेव्हा पाणी कधी कधी साडेचार मीटरच्याही वर जातं. किनारा सपाट असला की एवढं पाणी बघता बघता आत येतं. म्हणजे तुम्ही जेवायला बसता त्याच सुमारास वाळू सगळ्यात अरुंद.

तुमचा रविवार अष्टमीच्या आसपास असेल तर भांगाची (कमी चढणारी) भरती, दुपारी भरपूर किनारा मोकळा. पौर्णिमेच्या आसपास असेल तर चटया बनातच, आणि सामान सुक्या वाळूवर नव्हे तर काल वाहून आलेल्या काटक्या-शेवाळाच्या रेषेच्याही वर. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. पाण्यात उतरायचं ते पाणी चढत असताना, गुडघ्यापर्यंत. उतरत्या पाण्यात पोरांना सोडू नका.

औषधांच्या पिशवीत: पट्ट्या, जंतुनाशक, चिमटा (सुरूचे काटे, शिंपल्याचे तुकडे), गाडी लागण्याची गोळी ज्यांना लागते त्यांची, आजी-आजोबांच्या दुपारच्या गोळ्या, ओआरएसची चार पाकिटं. ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. ग्लासात अर्धं पाकीट टाकून दिलं की मिठाचं प्रमाण चुकतं आणि लहान मुलाला त्याचा त्रास होतो.

परळनाका

फारच उपयोगी. करंडी, गॅस, पुलाव बाद. दोन प्रश्न उरले: आजी-आजोबांना खाली बसता येत नाही, खुर्च्या न्यायच्या का? आणि चहा?

सामानसुमान

दोन खुर्च्या, चार नाही. पण चार सुट्या टोकांच्या पायांची खुर्ची वाळूत एका बाजूने रुतते आणि म्हातारं माणूस तसंच कलंडतं. पुढचे-मागचे पाय खाली आडव्या नळीने जोडलेले असतात तसली घ्या. नसेल तर पायांखाली जुन्या रबरी चपलांचे तळ सुतळीने बांधा. बसायची उंची निदान १६ इंच हवी. बुटक्या बीच-चेअरमधून उठताना गुडघे दुखणाऱ्याला दोन माणसं लागतात.

चहा तिथे टपरीवर प्या. न्यायचाच असेल तर लिटरचे दोन स्टीलचे थर्मास, १५ जणांना १०० मिलिलिटरप्रमाणे दीड लिटर लागतो. पण दुधाचा चहा दुपारी चारपर्यंत ठेवू नका, चव उतरते आणि झाकणाच्या रबरात वास बसतो. कोरा, गोड, आल्याचा चहा न्या आणि दुधाची पावडर वेगळी. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवून ओता, मग काठापर्यंत भरा. अर्धा भरलेला लवकर निवतो.

फोडणी

एक राहिलं. सकाळी बायका-पोरं लेडीज डब्यात आणि बाकीचे जनरलमध्ये असं होणारच. मग नाश्ता, औषधांची पिशवी आणि पोरांचे कपडे लेडीजमधल्या सॅकमध्ये हवेत. ताडपत्री, खुर्च्या, कॅन जनरलमध्ये गेले तरी बिघडत नाही. नाश्त्याचे दोन डबे करा, गाडीच्या दोन्ही डब्यांत एकेक. विरारला कुठल्या पुलाखाली भेटायचं ते दादरलाच सांगा. आणि रविवारी ब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद) आहे का ते शनिवारी रात्री बघा. विरारच्या पुढे गाड्या मोजक्या, एक चुकली तर भाजीचे तास मोजायला पुन्हा सुरुवात.